कॅराव्हॅनने तीन दिवसांची फेरी आणि रविवारी पुण्याचे रेसकोर्स: नियोजन कसे करावे

पुण्यातील घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात असतो, ही गोष्ट या सहलीच्या नियोजनात सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात शर्यती मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होतात आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत त्या पुण्यात येतात. दोन्ही ठिकाणची व्यवस्था रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहे. त्यामुळे शर्यत पाहण्यासाठी कॅराव्हॅन, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन निघायचे, तर पावसात, चिखलात आणि ओल्या कपड्यांसह राहण्याची तयारी करूनच निघावे लागते. ही तयारी नीट केली, तर पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग पाहण्यासाठी याहून चांगले दिवस नाहीत, असे माझे मत आहे.

नियोजन नेहमी उलट्या क्रमाने करावे. बहुतेक कुटुंबे शुक्रवारी सकाळी उत्साहाने निघतात, वाटेत रमतात आणि रविवारी दुपारी शहराच्या वेशीवर वाहतुकीत अडकून पहिल्या तीन शर्यती गमावतात. म्हणून आधी क्लबच्या वेळापत्रकातून शर्यतीचा दिवस आणि पहिल्या शर्यतीची वेळ निश्चित करावी. त्या वेळेच्या किमान एक तास आधी प्रवेशद्वारापाशी असावे, त्याच्याही आधी सकाळी दहाच्या सुमारास कॅराव्हॅन सुरक्षित जागी उभी झालेली असावी, आणि हे साधायचे असेल, तर शनिवारचा मुक्काम शहरापासून तीस किलोमीटरच्या आत, म्हणजे उरुळी कांचन, थेऊर किंवा लोणी काळभोर या पट्ट्यात असावा.

मार्ग

मी सुचवतो ती फेरी पुण्याहून सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती आणि भिगवण अशी जाते व सोलापूर रस्त्याने परत येते. एकूण अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास भरते, आणि कॅराव्हॅनमध्ये तीन दिवसांसाठी ते पुरेसे आहे. जाताना सासवड आणि जेजुरीपर्यंत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा रस्ता लागतो आणि परतताना पाटसपासून यवत, लोणी काळभोरपर्यंत तुकाराम महाराजांच्या पालखीचा. ज्या वर्षी आषाढी एकादशी जुलैच्या उत्तरार्धात येते, त्या वर्षी वारी आणि शर्यतींचा हंगाम एकमेकांच्या अगदी जवळ येतात. पालखी पुढे सरकेपर्यंत या रस्त्यांवर कॅराव्हॅन अजिबात नेऊ नये. वाहतूक वळवलेली असते आणि वारकऱ्यांच्या वाटेत आपली अवजड गाडी आणणे योग्यही नाही. सोमवती अमावास्येला जेजुरी आणि संकष्टीला मोरगाव टाळावे, हे पुणेकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

पहिला अवघड टप्पा दिवे घाटाचा आहे. सामान, पाणी आणि माणसे धरून कॅराव्हॅनचे वजन बरेच होते, शिवाय गाडी उंच असल्यामुळे वळणावर ती नेहमीच्या मोटारीपेक्षा जास्त कलते. घाट सकाळी लवकर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये चढावा, मागून येणाऱ्यांना जागा मिळेल तिथे पुढे जाऊ द्यावे आणि कोणताही घाट उतरताना केवळ ब्रेकवर विसंबून न राहता गिअरचा रोध वापरावा. ब्रेकचा जळका वास आला, तर गाडी बाजूला घेऊन ते थंड होईपर्यंत थांबणे हाच उपाय आहे. चाकांवर पाणी ओतू नये. बोपदेव घाट तुलनेने अरुंद आणि तीव्र चढाचा असल्याने या गाडीसाठी तो विचारातच घेऊ नये. दिवे घाटात रस्त्याचे काम किंवा दाट धुके असेल, तर सातारा रस्त्याने कापूरहोळपर्यंत जाऊन नारायणपूरमार्गे सासवडला यावे. हा रस्ता लांबचा असला, तरी वाटेत पुरंदरचा डोंगर पावसात न्हालेला दिसतो.

सप्टेंबरच्या सुमारास सासवडच्या आसपास रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात. फळे कडक पाहून घ्यावीत, कारण चालत्या गाडीत पिकलेले सीताफळ संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मोरगावला मयूरेश्वराच्या देवळासमोरचा मोठा नंदी आणि गढीसारखी तटबंदी मुलांना अवश्य दाखवावी. भुलेश्वरला जायचे असेल, तर कॅराव्हॅन खाली ठेवून दुसऱ्या वाहनाने वर जावे. भिगवणला उजनीच्या पाणलोटात रोहित पक्षी हिवाळ्यात येतात. पावसाळ्यात त्यांच्या आशेने जाऊ नये, माशांच्या थाळीसाठी आणि पसरलेल्या पाण्यासाठी जावे.

गाडी निवडताना

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून भाड्याने मिळणाऱ्या कॅराव्हॅनची माहिती लोकांना होऊ लागली आहे. अशा पुष्कळ गाड्या फोर्सच्या ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात. ही कंपनी पुण्यातलीच, पूर्वीची बजाज टेम्पो, आणि म्हणूनच आपण अजूनही तिला टेम्पो ट्रॅव्हलर म्हणतो. गाडी ठरवण्यापूर्वी नोंदणीपुस्तकात ती कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. साध्या प्रवासी गाडीत परस्पर पलंग आणि ओटा बसवलेला असेल, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. शक्यतो चालकासह गाडी घ्यावी. एवढी लांब गाडी घाटात चालवण्याचा सराव एका दिवसात होत नाही, आणि रविवारी आपण रेसकोर्सवर असताना गाडीपाशी एक जबाबदार माणूस राहतो. गाडीची उंची मीटरमध्ये मोजून चालकासमोर लिहून चिकटवावी. रेल्वेच्या पुलाखाली किंवा वाहनतळाच्या आडव्या दांड्यापुढे अंदाजाने निर्णय घेण्याची वेळ येऊ देऊ नये.

विजेचा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर करावा. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे २४०० वॉट-तास, त्यांपैकी २००० वापरता येतात असे धरावे. दिवसभराचा फ्रीज ५००, रात्रभराचे दोन छोटे पंखे ३०० आणि दिवे व मोबाइल मिळून २००, असे रोजचे १००० वॉट-तास लागतात, म्हणजे बॅटरी दोन दिवस पुरते. याउलट १००० वॉटचा एसी तीच बॅटरी दोन तासांत रिकामी करतो. पावसाळ्यात रात्री हवा गार असते, तेव्हा जाळीच्या खिडक्या आणि पंखे पुरतात. एसी केवळ बाहेरची वीज जोडलेली असतानाच लावावा. ढगाळ दिवसांत छतावरच्या सौरपट्ट्यांवर भिस्त ठेवू नये.

पाण्याचा हिशेब याहून कडक असतो. चार माणसांनी अर्ध्या बादलीत, म्हणजे प्रत्येकी दहा लिटरमध्ये आंघोळ केली, तरी चाळीस लिटर जातात. भांडी आणि हातपाय धुणे धरून रोजचे साठ लिटर समजावेत. १०० लिटरची टाकी त्यामुळे दीड दिवस पुरते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती भरून घ्यावीच लागते. पिण्याचे पाणी वीस लिटरच्या वेगळ्या जारमध्ये ठेवावे. वापरलेल्या पाण्याची टाकी रस्त्याकडेच्या ओढ्यात सोडू नये. मुक्कामाच्या ठिकाणी विचारून गटारात सोडावी. शौचालयाची पेटी रिकामी करण्यासाठी आपल्याकडे वाटेवर खास सोय नसते, म्हणून मुक्कामाची जागा ठरवतानाच तिथले शौचालय त्यासाठी वापरता येईल का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, परंतु तो न विचारल्यास दुसऱ्या दिवशी फार मोठी अडचण होते.

स्वयंपाकासाठी घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत आणू नये. पाच किलोचा छोटा सिलिंडर उभा, पट्ट्याने आवळून ठेवावा, शेगडी पेटवताना खिडकी उघडी ठेवावी आणि गाडी सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटर बंद असल्याची खात्री दोघांनी करावी. पाऊस कितीही जोराचा असला, तरी बंद खिडक्यांत शेगडी पेटवू नये, कारण त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रात्रीचा मुक्काम

या हंगामाचा एक मोठा फायदा असा, की तो बराचसा चातुर्मासात येतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्ने जवळजवळ नसतात, त्यामुळे बारामती आणि सोलापूर रस्त्यांवरची मंगल कार्यालये रिकामी असतात. त्यांच्या आवारात फरशीची किंवा खडीची पक्की जागा असते, पाण्याची टाकी असते, शौचालये असतात, वीज असते, रात्रीचा राखणदार असतो. दोन दिवस आधी फोन करून, गाडीची लांबी आणि माणसांची संख्या सांगून, ठरलेले पैसे देऊन एका रात्रीसाठी आवार मिळू शकते. कॅराव्हॅनला लागणाऱ्या सर्व गोष्टी एकाच ठिकाणी असलेली दुसरी जागा मला या पट्ट्यात आढळलेली नाही. वीज जोडताना अर्थिंग असलेला पंधरा अँपिअरचा प्लग पाहावा आणि जोडवायर पाण्याच्या डबक्यातून जाऊ देऊ नये.

शेतातला मुक्काम कितीही सुंदर दिसला, तरी पावसाळ्यात टाळावा. पहिल्या वर्षी आम्ही बारामतीच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधालगत गाडी लावली. संध्याकाळी जमीन टणक होती. रात्री दोन तास पाऊस झाला आणि पहाटे मागची चाके काळ्या मातीत निम्मी रुतलेली होती. गावातला ट्रॅक्टर येईपर्यंत आणि गाडी सरळ रेषेत ओढून बाहेर निघेपर्यंत दुपार झाली, आणि त्या रविवारच्या शर्यती आमच्या हातून गेल्या. काळी माती पाणी प्यायल्यावर फुगते आणि चिकट होते. तिच्यावर जड गाडीला पकड मिळत नाही. तेव्हापासून पक्क्या जमिनीखेरीज कोठेही गाडी उभी करायची नाही, हा आमचा नियम आहे. तरीही ओढदोर, फावडे आणि दोन जाड फळ्या सोबत ठेवाव्यात.

ओलाव्याकडे रोज लक्ष द्यावे. ओल्या चपला आणि छत्र्या दाराबाहेर ताडपत्रीखाली, ओले कपडे न्हाणीघरात दोरीवर, आणि सकाळी गाद्या उभ्या करून खाली हवा खेळती, एवढे केले तरी कुबट वास येत नाही.

रविवार: रेसकोर्सवर

सोलापूर रस्त्याने सकाळी शहरात शिरताना हडपसर लागते. १९४६ मध्ये सोली पूनावाला यांनी सुरू केलेला घोड्यांच्या पैदाशीचा स्टड फार्म याच भागातला. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला लस आणि सीरमच्या कामासाठी दिले जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट उभी केली. दुपारी जे घोडे पाहायचे आहेत, त्यांच्याशी या शहराचे नाते किती जुने आणि किती दूरवर पोचलेले आहे, हे मुलांना इथेच सांगावे.

कॅराव्हॅन रेसकोर्सपर्यंत नेऊ नये. कॅन्टोन्मेंटमधील रस्त्यांवर झाडांच्या फांद्या खाली आलेल्या आहेत, रस्त्याकडेला एवढी गाडी लावू दिली जात नाही आणि शर्यतीच्या दिवशी फाटकापाशी गर्दी असते. गाडी चालकासह हडपसरच्या अलीकडे, आधी ठरवलेल्या हॉटेलच्या किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात ठेवावी आणि पुढे रिक्षाने जावे. वेळ हाताशी असेल, तर रेसकोर्सला लागून असलेल्या एम्प्रेस गार्डनमधील जुन्या झाडांखाली तासभर थांबता येते.

पुण्याचे रेसकोर्स १८३० सालचे आहे आणि लष्कराच्या ताब्यातील सुमारे ११८ एकर जमिनीवर ते पसरलेले आहे. प्रेक्षकांचे वेगवेगळे विभाग असतात; सभासदांच्या विभागात पोशाखाचे नियम पाळावे लागतात, म्हणून कॉलरचा शर्ट आणि बूट गाडीत कोरडे ठेवावेत. मुलांना कोणत्या विभागात प्रवेश आहे आणि मोबाइलबाबत त्या दिवशी काय नियम आहे, हे क्लबच्या कार्यालयाला आधी विचारून घ्यावे. आत शिरताच शर्यतीचे पुस्तक विकत घ्यावे. त्यात प्रत्येक शर्यतीचे अंतर, घोड्याचे वय, त्याच्या मागील धावा, ट्रेनर, जॉकी, वजन आणि सुटण्याच्या जागेचा क्रमांक दिलेला असतो.

वजनाचा रकाना नवख्या माणसाला कोड्यासारखा वाटतो, पण शर्यतीचे मर्म त्यातच आहे. पुष्कळशा शर्यती हँडिकॅप पद्धतीच्या असतात, म्हणजे घोड्यांना त्यांच्या आधीच्या कामगिरीवरून गुण दिले जातात आणि जास्त गुणांच्या घोड्याने जास्त वजन घेऊन धावायचे असते. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरले, तर खोगिरासोबत शिसे घातले जाते. सर्व घोडे शेवटच्या खांबाशी एकत्र पोचावेत, हा त्यामागचा हेतू असतो, आणि म्हणूनच अनेक निकाल नाकाच्या किंवा मानेच्या अंतराने लागतात.

प्रत्येक शर्यतीपूर्वी घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरवले जातात. माझा आग्रह आहे, की पहिल्या दोन शर्यतींत बोर्डावरच्या भावांकडे, म्हणजे कोणता घोडा जिंकल्यास किती पैसे मिळतील त्या आकड्यांकडे, पाहूच नये. पॅडॉकच्या कठड्यापाशी उभे राहून केवळ घोडे पाहावेत. चांगल्या अवस्थेतील घोडा सैल, लांब पावले टाकतो, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडतो, कान सजग असतात, अंगावर तकाकी असते. मानेवर आणि मागच्या पायांमध्ये फेसाळ घाम दिसला, किंवा सईसाला घोडा सारखा आवरावा लागत असला, तर तो सुटण्यापूर्वीच शक्ती घालवतो आहे असे समजावे, अर्थात दमट हवेत थोडा घाम सगळ्यांनाच येतो. घोड्यांजवळ छत्री एकदम उघडू नये. अचानक फडकलेल्या कापडाने घोडा बिथरतो आणि त्याला, सईसाला आणि जॉकीला इजा होऊ शकते. पावसाळी हंगामात रेनकोट हाच योग्य पोशाख आहे, आणि फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवावा.

धावपट्टीची अवस्था पेनेट्रोमीटर या उपकरणाने मोजून जाहीर केली जाते. पावसाने हिरवळ मऊ झाली, की खूर खोल जातात, वेळ वाढतो आणि कोरड्या जमिनीवर वेगवान असलेला घोडा मागे पडू शकतो. म्हणून पुस्तकात त्या घोड्याची ओल्या पट्टीवरील आधीची धाव शोधावी. १००० मीटरची शर्यत जेमतेम एका मिनिटात संपते आणि तिथे सुटतानाच्या क्षणाला फार महत्त्व असते. १६०० किंवा २००० मीटरला जॉकी घोड्याला कोठवर राखून ठेवतो आणि शेवटचे वळण कसे घेतो, हे पाहण्यासारखे असते. दुर्बीण जवळ असावी. शेवटच्या दोनशे मीटरसाठी मात्र ती खाली ठेवून कठड्यापाशी जावे, कारण खुरांचा तो आवाज पायांखालच्या जमिनीतून येतो आणि तो दुर्बिणीतून मिळत नाही.

पैसे लावायचे की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले, आणि रेसकोर्सच्या आवारात परवानाधारक व्यवस्थेतच पैसे लावावेत; अठरा वर्षांखालील मुलांच्या हातात तिकीट देऊ नये. टोटच्या खिडकीवर सर्वांचे पैसे एकत्र होतात आणि कपात वजा जाता उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांत वाटली जाते, म्हणून तिथला भाव शर्यत सुटेपर्यंत बदलत राहतो. बुकीकडे पैसे देताना जो भाव असेल, तो आपला. नवख्याने विन (पहिला येणारा घोडा) किंवा प्लेस (पहिल्या काही क्रमांकांत येणारा घोडा) एवढेच पाहावे. पहिले तीन घोडे क्रमाने ओळखण्याचा टानाला आणि अनेक शर्यतींचा जॅकपॉट यांच्या मोठ्या रकमा डोळे दिपवतात, पण त्या क्वचित लागतात म्हणूनच मोठ्या असतात. सप्टेंबर २०२५ पासून पैसे लावण्यावरील जीएसटी ४० टक्के झाला आहे, हेही हिशेबात धरावे. घरून निघतानाच एक रक्कम पाकिटात वेगळी ठेवावी, ती परत येणार नाही असे मानावे आणि ती संपली की पुढच्या शर्यती नुसत्या पाहाव्यात. गेलेले पैसे शेवटच्या शर्यतीत भरून काढण्याचा प्रयत्न हीच सर्वांत महाग चूक असते. आणि शर्यत संपताच तिकीट फाडून टाकू नये. जॉकींचे वजन पुन्हा होते, एखादी हरकत नोंदवली जाऊ शकते, फोटो पाहावा लागतो, आणि निकाल पक्का जाहीर होईपर्यंत क्रम बदलू शकतो.

शेवटच्या शर्यतीनंतर अर्धा तास आवारातच थांबावे, गर्दी ओसरली की रिक्षा सहज मिळते. कॅराव्हॅन त्याच रात्री परत द्यायची असली, तरी आधी वापरलेल्या पाण्याची टाकी आणि शौचालयाची पेटी रिकामी करून धुवावी, पिण्याच्या पाण्याचा नळ उघडून टाकी पूर्ण निथळू द्यावी, फ्रीज बंद करून त्याचे दार कापडाची घडी घालून किलकिले ठेवावे आणि गाद्या उभ्या करून ठेवाव्यात. सिलिंडरचा रेग्युलेटर काढल्याची नोंद मालकाच्या माणसासमोर करावी आणि आपण गाडी घेतली तेव्हाचे फोटो दाखवून, ओरखड्यांची तपासणी दिवसाच्या उजेडात व्हावी असा आग्रह धरावा. त्यासाठी सोमवारची सकाळ ठरवून घेतली, तर रविवारी रात्री घाई करावी लागत नाही.